नोकरी गेली, घरात बारा माणसं. हिशेबाची वही कुठून सुरू करू?

बारा_ताटं (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वाचतो रोज, लिहितोय पहिल्यांदाच. शुद्धलेखनाकडं बघू नका.

बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर ९ वर्षं होतो. ऑगस्टमध्ये ऑर्डरी कमी झाल्या म्हणून आमच्या शिफ्टची १४ माणसं घरी बसवली. घरी 'ब्रेक दिलाय, बोलावतील' एवढंच सांगितलं. खरं फक्त बायकोला माहीत. त्यामुळं गणपतीही नेहमीसारखाच केला, हात आखडता घेतला असता तर विचारलं असतं कुणीतरी. परवा आमच्याच शिफ्टच्या एकानं आप्पांना बाजारात सगळं सांगून टाकलं. आप्पा घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवायला बसल्यावर ताटातली दुसरी भाकरी उचलून परत बुट्टीत ठेवली, एवढंच. तेव्हापासून घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

आम्ही बाराजण. आज्जी, आई-आप्पा, दादा-वैनी आणि त्यांच्या दोन मुली, मी, बायको, दोन पोरं आणि धाकटा भाऊ, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्या हातात ₹१८,७०० पडायचे, ओव्हरटाइम धरून २२ हजारांपर्यंत जायचं. दादा कापडाच्या दुकानात, ₹१४,०००. बायको ब्लाऊज शिवते, एरवी महिन्याला दोन हजार, सणाला जास्त. आज्जीच्या खात्यावर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे ₹२,०००, येतील तेव्हा. दोन एकर रान आहे. भात घरापुरतं होतं, मागनं मसूर.

जाणारे असे: बहिणीच्या लग्नाचं सोसायटीचं कर्ज, हप्ता ₹६,२००. बायकोचा महिला संघाच्या कर्जाचा हप्ता आठवड्याला ₹६२०. गाडीचे ₹२,४००. दूध तीन लिटर, ₹५,४००. किराणा नऊ-दहा हजार. सिलिंडर महिन्याला दीड. लाइट बिल ₹१,८०० च्या वरच. चार पोरांच्या इंग्रजी शाळा, डिप्लोमाची फी, आप्पांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या.

प्रश्न दोन. पीएफमध्ये अडीच लाख आहेत, ते काढून सोसायटी बंद करू काय? आणि वैनी म्हणते चूल वेगळी करूया. ती वाईट नाही हो, दोन मुलींची आई आहे. शिवाय पुढच्या वर्षी गावात बऱ्याच वर्षांनी येणारी, मोठ्या खर्चाची लक्ष्मी यात्रा आहे, त्याचं तर अजून कुणी नावच काढत नाही.

मोल्डरमामा

बाकीचं नंतर. कारखान्यात सही कशावर केलीस ते आधी सांग.

बारा_ताटं

अजून केली नाही मामा. राजीनामा लिहून दे, मग हिशेब करतो म्हणतात. सोमवारी बोलावलंय.

मोल्डरमामा

मग बरं झालं धागा आज काढलास. राजीनामा लिहू नकोस. ३१ वर्षं भट्टीपुढं काढली, दोन कारखाने बंद होताना बघितले. दोन्हीकडं हाच कागद पुढं केला होता.

वर्षाला २४० दिवस भरलेल्या कामगाराला कपात म्हणून काढलं तर एक महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार द्यावा लागतो, आणि पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार. तुझा एकूण पगार २०-२१ हजार धरला तर ९ वर्षांचे हे लाखाच्या घरात जातात. आपण होऊन राजीनामा दिलास की यातलं काही नाही. ग्रॅच्युइटी तेवढी मिळते, ती पाच वर्षं झालेल्याला राजीनामा दिला तरी मिळतेच. तिचा हिशेब सोपा: मूळ पगार अधिक महागाई भत्ता (डीए), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुझं मूळ-डीए किती?

बारा_ताटं

₹१५,६००.

मोल्डरमामा

म्हणजे वर्षाला ₹९,०००, नऊ वर्षांचे ₹८१,०००. ३० दिवसांच्या आत द्यायची असते. दोन्ही आकडे कागदावर मांडून ने. ओरडू नकोस, भांडू नकोस. 'कामावरून कमी केल्याचं पत्र द्या' एवढंच बोल आणि सुम्म बस. चौदाजण मिळून गेलात तर जास्त बरं. नाहीच म्हणाले तर कामगार खात्याचं ऑफिस आहे.

दुसरं, ईएसआय (कामगार विमा) कापत होते ना? अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणून आहे. नोकरी गेलेल्या विमाधारकाला ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या निम्मे पैसे देतात. आयुष्यात एकदाच. राजीनाम्याचा कागद असला की तिथंही अडतं. ती मुदत वाढवत-वाढवत चालवलेली योजना आहे, म्हणून शाखेत जाऊन आधी विचार.

खडक_गल्ली

मामा आले म्हणजे आता झेंडा आणि घोषणा. अहो, त्याला उद्याच्या दुधाचं सांगा की.

मोल्डरमामा

दूध लाखातनं येतं की लाखाशिवाय?

निपाणीची_सून

चुलीचं मी सांगते, मी करून बसलेय.

सासऱ्यांची तंबाखूच्या वखारीतली नोकरी गेली तेव्हा आम्ही नऊ जण होतो. मोठ्या जाऊबाईंना वाटायचं आमचीच पोरं जास्त खातात, मला वाटायचं त्यांची. भांडण काय, लोण्याच्या गोळ्यावरनंसुद्धा व्हायचं. शेवटी पाडव्याला चूल वेगळी केली. पहिल्या महिन्यात कळलं की एका चुलीवर दीड सिलिंडर लागायचा, दोन चुलींवर सव्वादोन लागायला लागले. डबे दोन, चहाची पावडर दोन ठिकाणी, फ्रिज दुसरा हप्त्यावर. सासू-सासरे कुणाकडं जेवणार याचं वेळापत्रक निघालं. ते वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं, सासऱ्यांना वाचता येत होतं.

घरात शांतता आली हेही खरं सांगते. जाऊबाई आणि मी आज बहिणीसारख्या आहोत, एका चुलीवर नव्हतो कधी. पण वेगळं व्हायचं तर दोन्ही घरांत पगार असताना व्हावं. एकाचा पगार गेल्यावर वेगळं होणं म्हणजे त्याला घराबाहेर काढणंच, कुणी तसं म्हणो न म्हणो. वैनींना सुगी होईपर्यंत थांबा म्हणा. आणि त्यांना आकडे दाखवलेत का कधी? बायकांना घरात 'नाही' एवढंच सांगतात, किती नाही ते सांगत नाहीत.

शेअर_गुरू

साधं गणित आहे. पीएफवर व्याज ८.२५ टक्के. सोसायटीचं कर्ज १३-१४ च्या खाली नसणार. पीएफ काढून कर्ज फेडलं की दरसाल पाच टक्के वाचले. यात विचार करण्यासारखं काय आहे?

पिग्मी_गोळा_करतो

शेअर_गुरूंचं गणित वहीत बरोबर आहे, दारात चुकतं.

मी २२ वर्षं बेळगावच्या शहापूर-वडगावात पिग्मी (रोजची बचत) गोळा करतोय. माग चालवणारे, दुकानदार, भाजीवाल्या, सगळ्यांच्या दारात रोज उभा असतो. नोकरी गेल्यावर गाठोड्यातलं सगळं देऊन कर्ज मिटवलेली माणसं चार महिन्यांनी पुन्हा सोसायटीच्या पायरीवर बघितलीत. तेव्हा पगाराची स्लिप नसते आणि जामीनदार फोन उचलत नाही. मग तेच १३ टक्के जाऊन महिन्याला शेकडा ३ चं खासगी येतं. हातात सहा महिन्यांचं धान्य-पाणी राहील एवढे पैसे ठेवा, कर्जाचं त्यानंतर.

सोसायटीत स्वतः जा, हप्ता चुकायच्या आधी. चुकल्यावर गेलेल्याला थकबाकीदार म्हणतात, आधी गेलेल्याचं ऐकून घेतात. मुदत वाढवून हप्ता ₹३,५०० वर आणा म्हणून अर्ज द्या. व्याज जास्त जाईल, जाऊदे. तुमचे जामीनदार कोण?

बारा_ताटं

त्याच शिफ्टचे दोघे. तेही बसलेत घरात.

पिग्मी_गोळा_करतो

मग त्यांना सोबत घेऊनच जा. एकाच अर्जात काम होतंय का बघा.

संघाच्या हप्त्याचं. त्यात बायकोबरोबर आणखी बायका बांधलेल्या असतात, तो चुकवला की गल्लीत तोंड दाखवायची चोरी होते. तो चालू ठेवा, पण एकावर दुसरं कर्ज उचलू नका. आणि वसुलीवाला रात्री येऊन दारात बसला तर घाबरायचं नाही. अशा छोट्या कर्जांना सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा लावायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्नाटकानं २०२५ मध्ये जबरी वसुलीविरुद्ध कायदाही केलाय, त्यात १० वर्षांपर्यंत कैद आहे. पोलिसांत जायची वेळ येऊ नये, पण ठाऊक असावं.

मोल्डरमामा

पीएफचं एक राहिलं. तुझी ९ वर्षं झालीत. पेन्शनला १० लागतात. पीएफबरोबर पेन्शनचाही फॉर्म भरून टाकलास की नऊ वर्षं पुसली गेली. दुसरीकडं कुठंही लागलास तरी यूएएन (पीएफचा नंबर) तोच राहतो, वर्षं पुढं मोजतात. तेवढ्यासाठी पेन्शनला हात लावू नकोस. गरज लागली तर पीएफमधनं थोडा भाग काढ. आणि कारखान्यानं सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुझी तुला ऑनलाइन टाकता येते.

आप्पांच्या गोळ्या मेडिकलमधनं का आणतोस? आई-वडील तुझ्यावर अवलंबून असतील तर ईएसआयच्या दवाखान्यात मिळतात. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरलेत ना? त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत चालतो. काम सुटलं म्हणून कार्ड फाडू नकोस.

बारा_ताटं

हे माहीतच नव्हतं. दवाखाना लांब म्हणून कधी गेलोच नाही. महिन्याला ₹१,१०० जात होते.

चंदगडची_लेक

माहेर महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात, दिलं बेळगावात. तिकडं बायकांना महिन्याला दीड हजार देणारं सरकार, इकडं दोन हजार देणारं. लग्न झाल्यावर दोन वर्षं मला दोन्हीकडचं काही मिळत नव्हतं, कारण आधार तिकडचं, नवरा इकडचा. घरात नवीन सून असेल तर पहिल्यांदा आधारचा पत्ता बदला. शक्ती योजनेत बायकांना बसला पैसे पडत नाहीत, पण कर्नाटकचा पत्ता दाखवावा लागतो. मी आठवड्याला तीनदा सीबीटीला (बेळगावच्या बसस्टँडला) ये-जा करते, ते सगळं तिकीट वाचतं. माहेरी जाताना मात्र हद्दीपाशी आल्यावर पर्स उघडावी लागते. हद्द कुठं आहे ते नकाशापेक्षा कंडक्टरला जास्त माहीत.

मला बोलायचंय तुमच्या लाइट बिलावर. बारा माणसांत ₹१,८०० म्हणजे २०० युनिटच्या वर जाताय. गृहज्योतीचा (कर्नाटकाच्या फुकट विजेच्या योजनेचा) नियम असा, की २०२२-२३ ची तुमची महिन्याची सरासरी आणि वर १० टक्के एवढं फुकट. त्याच्या वर पण २०० च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडलं की सगळं बिल तुमच्या डोक्यावर. जुनं बिल काढून बघा.

बारा_ताटं

बघितलं. सरासरी १६८ होती. तेव्हा गिझर नव्हता. आता २३८ येतं.

चंदगडची_लेक

म्हणजे १८५ फुकट होते तुम्हाला! गिझरनं खाल्लं सगळं. माळ्यावर तांब्याचा बंब असेल की. रानात पालापाचोळा, नारळाच्या करवंट्या, काटक्या काय कमी आहेत?

खडक_गल्ली

बंब! पितांबरीचा खर्च धरा मग त्यात.

वेर्ण्याची_शिफ्ट

गोव्याला या म्हणणारे भेटतील, म्हणून लिहितो. मी तीन वर्षं वेर्ण्याला होतो. पगार इथल्यापेक्षा पाच-सहा हजार जास्त. खोली तिघांत, डबा, दर पंधरवड्याला चोर्ला घाटानं घरी. महिनाअखेरीला घरी पाठवायला उरायचे ते बेळगावातल्या पगाराएवढेच, आणि पोरगं मला काका म्हणायला लागलं होतं. एकटा असाल तर जा. बारा ताटांच्या घरातला माणूस घरी असला की त्याचीही काही किंमत असते, सुगीला मजूर लावायला लागत नाही.

निपाणीची_सून

आमच्याकडची बरीच पोरं कागलच्या एमआयडीसीत जातात, पण निपाणीहून ते वीस-बावीस किलोमीटर. बेळगावाहून रोजचं जमणार नाही.

बारा_ताटं

मंडळी, चार दिवसांनी येतोय.

सोमवारी आम्ही अकराजण मिळून गेलो, तिघांनी आधीच सही केली होती. मामा म्हणाले तसं दोन आकडे लिहून नेले. लगेच काही दिलं नाही, पण राजीनाम्याचा कागदही परत पुढं केला नाही. वरिष्ठांशी बोलून सांगतो म्हणालेत. बघू.

घरातलं सांगतो. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर २०० पानी वही घेऊन सोप्यात बसलो. सगळ्यांना बोलावलं. मुलींनाही, थोरली नववीला आहे. माझं काय गेलं, काय येणार, सोसायटीचे अजून ₹१,९०,००० कसे राहिलेत, सगळं मोठ्यानं वाचलं. वैनीला सोसायटीचं कर्ज किती आहे हेच माहीत नव्हतं. तिला वाटत होतं दादाचा सगळा पगार घरात पडतो आणि माझा निम्मा बाहेर जातो. मग दादा खाली मान घालून म्हणाला, माझ्या नावानं पण लिही, रोज शंभरची पिग्मी, पोरींच्या कॉलेजसाठी, तीन वर्षं झाली. हे वैनीलाही नवीन होतं. मला पहिल्यांदा रागच आला, खरं सांगतो. महिन्याचे तीन हजार बाजूला टाकत होता आणि किराणा मी भरत होतो. पण मीही दीड महिना खोटं बोलत होतो, तोंड कुठल्या तोंडानं उघडू?

तेवढ्यात आज्जी म्हणाली, माझे दोन हजार तुझ्या वहीत कुणाला विचारून लिहिलास? सगळे गप्प. ती म्हणे त्यातनं भजनी मंडळाची वर्गणी देते आणि बाकीचे देवळाजवळच्या भिशीत घालते. वय ८३. शेवटी तिच्या नावापुढं ₹२,००० खोडून ₹१,२०० लिहिले. आठशे तिचे. त्यावर घासाघीस झाली थोडी, आधी हजार पाहिजे होते तिला.

चूल सुगीपर्यंत एकच. वैनीच म्हणाली. पण वही तिच्याकडं राहणार, ही तिची अट. दिली.

निपाणीची_सून

वही दिलीत ते फार बरं केलंत. आता तिच्या मागनं जाऊन आकडे तपासू नका म्हणजे झालं.

मराठी_शाळा_जिंदाबाद

चार पोरं इंग्रजी शाळेत कशाला? सरकारी मराठी शाळेत घाला. तिथं पोरं नाहीत म्हणून शाळा बंद पडायला लागल्यात, आणि आपण सीमाभागात मराठीच्या नावानं गळा काढायचा.

चंदगडची_लेक

ताई/दादा, तुमची पोरं कुठं शिकतात तेवढं सांगा आधी. वर्षाच्या मध्ये नववीतल्या पोरीचं माध्यम बदलतात का कोण? मुख्याध्यापकांना भेटून फी तीन हप्त्यांत मागा. धाकट्याचं जूनमध्ये बघता येईल, तो अजून यूकेजीलाच असेल तर.

बारा_ताटं

धाकटा यूकेजीत आहे. जूनमध्ये गावच्या मराठी शाळेत घालायचं ठरतंय, बायको अजून पूर्ण तयार नाही. आता मुख्य दुखणं, यात्रा.

खडक_गल्ली

इथं मी चेष्टा करणार नाही.

आमच्या मूळ गावात लक्ष्मी यात्रा झाली, बऱ्याच वर्षांनी. तुम्हाला माहीत आहेच, वर्षभर आधी घरं रंगवायला सुरुवात होते. घरामागं वर्गणी, मंडप, पै-पाहुण्यांची जेवणं, माहेरवाशिणींना साड्या, जावयांना कपडे, आणि मटणाला तर मोजमाप नाही. शेजाऱ्यानं तीनशे माणसं जेवू घातली म्हणून आम्ही चारशे. मी ₹२ लाख काढले. तीन वर्षं फेडले. भिंतीचा रंग दुसऱ्या पावसात उडाला, हप्ता नाही उडाला. जेवून गेलेल्यांतला एक माणूस मला आठवून सांगता येत नाही, कोण काय जेवलं ते. आईला मात्र एक आत्या आली नव्हती ते अजून आठवतं.

पिग्मी_गोळा_करतो

यात्रेच्या आधीचं वर्ष म्हणजे आमच्या सोसायटीचा सुगीचा हंगाम. मीच सांगतोय, काढू नका.

निपाणीची_सून

आत्यांना आणि बहिणींना आत्ताच फोन करा. तुम्ही नाही, आप्पांनी करायचा. 'या वर्षी साडी नाही, नारळ आणि ओटीचा खण' असं भावानं वर्षभर आधी सांगितलं तर बहिणी ऐकतात. ऐनवेळी कळलं तर रुसतात. रंग द्यायचाच तर चुना आणा, घरातली पोरं मिळून मारतील. जेवण दोन दिवसांचं न घालता एकाच दिवसाचं. वर्गणी मात्र चुकवू नका, ती गावाची असते.

मोल्डरमामा

आप्पा फोन करतील?

बारा_ताटं

तेच विचारायचं धाडस होत नव्हतं. शेवटी वैनीनं विचारलं. आप्पा म्हणाले बघतो. दुसऱ्या दिवशी रानातनं आल्यावर धाकट्या भावाकडनं नंबर लावून घेतला आणि मोठ्या आत्याला पंधरा मिनिटं पावसाचं, भाताचं, तिच्या गुडघ्याचं विचारत बसले. मला वाटलं विसरले. फोन ठेवता ठेवता म्हणाले, 'आणि यात्रेला साडी नाही बघ गंगू या खेपेला, पोराचं काम गेलंय.' आत्या काय बोलली ऐकू आलं नाही. आप्पा हसले एवढं दिसलं. लक्ष्मी यात्रेसाठी आत्या बटाट्याचं एक पोतं पाठवणार आहे म्हणे.

खडक_गल्ली

😄 झाली की भाजी.

बारा_ताटं

महिन्याभरानं लिहितोय, विचारत होते काहीजण म्हणून.

दूध तीनवरनं दोन लिटरवर. आप्पा आता चहा कोराच घेतात, शुगर आहे म्हणून बरंच म्हणतात. सोसायटीनं मुदत वाढवली, हप्ता ₹३,६००, जामीनदारांच्याही सह्या परत घेतल्या. दादाची पिग्मी बंद नाही केली, शंभरची पन्नास केली. कारखान्यानं ग्रॅच्युइटीचा चेक दिला, पूर्ण. कपातीच्या भरपाईवर बोलणं चालू आहे, कामगार खात्यात अर्ज दिलाय. अटल योजनेचा दावा टाकलाय, पैसे अजून नाहीत. मी सकाळी एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये रोजावर जातोय, ₹६५० मिळतात, काम असेल त्या दिवशी. भात कापणीला आलंय, मजूर न लावता आम्हीच कापणार.

बंब काढला. पहिल्या दिवशी धुरानं सगळं घर खोकलं. मीटरचं रीडिंग थोरली पुतणी रोज संध्याकाळी दाराच्या मागं खडूनं लिहिते, कुणी पंखा चालू ठेवून उठलं की सगळ्यांसमोर नाव घेते. काल बिल आलं, १८७ युनिट. दोन युनिटांचे पैसे पडले. ते दोन कुणाचे यावर आज सकाळपासून घरात भांडण चालू आहे, आज्जी म्हणते तिच्या टीव्हीचे नव्हेत.

मोल्डरमामा

भरपाईच्या अर्जाची पोच घेतलीस ना? शिक्क्याची. झेरॉक्स दोन काढून एक दादाकडं ठेव.

बारा_ताटं

पोच आहे मामा. झेरॉक्स उद्या काढतो.